येसूबाईंची राखण

येसूबाईंनी फौजदार विकत घेतला, ही बातमी गुहागरच्या बाजारातून वाडीत आली, म्हणजे ती खरीच असणार. त्या रात्री निम्म्या वाडीने आपापल्या जुन्या भानगडी आठवून पाहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदारसाहेब विहिरीवर आंघोळीला बसले, अंगातला खाकी कोट काढला, आणि आतून निघाला केरू. घाटावरचा गडी, पलटणीतून सुटलेला. मिशा भरघोस, बाकी बेताचाच. कोटाची पितळी बटणं मात्र अस्सल होती.

येसूबाईंनी सव्वीस वर्षं गिरगावात खाणावळ चालवली. वाडीतले निम्मे बाप्ये मुंबईच्या चाकरीत त्यांच्या हातचं जेवलेले, त्यामुळे आजही त्यांच्यासमोर कुणी पानात भात टाकत नाही. बत्तीस साली खाणावळ विकून, गाठीला चांगला पैसा बांधून बाई परत आल्या. कशासाठी, हे कुणी विचारलं तर म्हणायच्या, हवा चांगली आहे. खरं कारण अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडे राहत होतं. लहानपणची मैत्रीण सखू. मुंबईत बोलायला माणसं पुष्कळ होती, मनासारखं भांडायला एक नव्हतं. सखू रोज गडग्यातल्या फटीतून अंग चोरून यायची, पदराखाली कालवणाची वाटी आणि जिभेवर वाडीतली बातमी. दोन्ही गरम.

त्या वर्षी थंडीत खळ्यातली सुपारी जाऊ लागली. आमच्याकडे सुपारी दीड-दोन महिने उघड्या अंगणात वाळते, आणि घराचं वर्ष तिच्यावरच उभं असतं. आधी येसूबाईंच्या दोन टोपल्या गेल्या. तेव्हा आत्माराम धावून आले. हे पेन्शनीतले कारकून, सल्ला द्यायला सदा मोकळे. म्हणाले, "वहिनी, देवदयेने तुमच्याकडे आहे. टाका पैसा! चोर पळालाच पाहिजे."

बाईंना ते पटलं. मुंबईत पैसा टाकला की नळ दुरुस्त होई, मग इथे चोर का नाही? गडगा दोन हात वाढला, त्यावर काचा बसल्या, फट बुजली आणि दारात केरू बसला.

चोर खरोखर पळाला. पळाला तो थेट सखूच्या खळ्यात. तिच्याकडे काचा नव्हत्या की कोट नव्हता. आठवड्यात तिची तीनदा सुपारी गेली.

तरी बिचारी वाटी घेऊन आली. फट बुजलेली, म्हणून वळसा घालून पुढच्या दाराने. केरूने काठी आडवी धरली. "कोन हाय? नाव सांगा, काम सांगा!"

"नाव विचारतोस मेल्या? तुझ्या बाईचं शेंबडं नाक ह्या हातांनी पुसलंय मी!" सखूने वाटी पायरीवर आपटली आणि आत ऐकू जाईल असा आवाज लावला. "येसू गो, तुझा चोर माझ्याकडे धाडलास ना? आता कालवणही तुझ्या शिपायाकडनंच रांधून घे!"

चार दिवस सखू फिरकली नाही. येसूबाईंना भात गोड लागेना. हजार माणसांना जेवायला घातलेली बाई, पण समोर नावं ठेवणारं कुणी नाही म्हणून अर्ध्यावर उठायची. पाचव्या दिवशी त्यांनी ठरवलं, आपल्या खर्चाने आणखी गडी आणायचे आणि साऱ्या वाडीवर पहारा बसवायचा. मग सखूला रुसायला कारण काय उरेल? त्यांनी केरूला घरोघर पाठवलं. केरू ओरडत फिरला, "बाई समद्या वाडीची राखन देनार! ऐतवारी दुपारी या!"

आता मुंबईत आणि घाटावर राखण म्हणजे पहारा असेल. आमच्याकडे राखण द्यायची ती राखणदाराला, म्हणजे वाडीच्या वेशीवरच्या देवाला. नारळ, कोंबडा आणि मागोमाग पंगत! सव्वीस वर्षांत बाई हे साफ विसरल्या होत्या.

रविवारी दुपारी दारात सबंध वाडी. पुढे धोंडू, काखेत कोंबडा. "येसूबाई, कोंबडा मी आणलाय. तुम्ही तांदूळ काढा."

"कोंबडा? कशाला रे?"

"म्हणजे राखण सुकीच देताय काय?"

बाईंच्या डोक्यात उजेड पडला. सगळ्यांना परत पाठवायला तोंड उघडलं, तोच मागे सखू दिसली. हातात नारळ, नजर माडाच्या शेंड्यावर. आपण देवासाठी आलोय, हिच्यासाठी नव्हे, असा आव आणलेला. येसूबाईंनी तोंड मिटलं आणि तीन चुली पेटवल्या.

वेशीवर जाऊन धोंडूने गाऱ्हाणं घातलं. "सुपारीला हात लावील त्याचा हात आखडू दे म्हाराजा!" साऱ्यांनी "होय म्हाराजा" केलं. मग पंगत बसली, ती उन्हं उतरेपर्यंत. केरूही काठी टाकून रस्सा ओरपत होता. घरोघरची सुपारी उघडी, राखायला चिटपाखरू नाही. आणि घरी जाऊन पाहतात तो एक खांड हललेलं नाही!

"राखणदार पावला!" धोंडू म्हणाला.

येसूबाई गालातल्या गालात हसल्या. राखणदार पावला असेल, पण चोरही पंगतीला असणार, हे त्यांनी ताडलं. शिवाय खाणावळवालीची नजर. साऱ्या पंगतीत एकानेच दुसऱ्यांदा वाढू दिलं नव्हतं, मान खाली घालून. त्याचं नाव त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मीही सांगणार नाही, माझा शेजारी आहे.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी केरूकडून काचा काढवल्या, फट मोकळी करवली आणि सांगून टाकलं, सगळ्यांनी सुपारी माझ्या मोठ्या खळ्यात वाळवा. बायका आल्या. दिवसभर सुपारी परतायची, चुगल्या करायच्या आणि दुपारी येसूबाईंकडे जेवायचं. मधोमध सखू, केरूला हुकूम सोडत. तो मान खाली घालणाराही आपली टोपली घेऊन आला. कुणी न सांगताच सखूने ओळखलं, त्याला बसायला जागा दिली, आणि महिनाभर त्याच्यावरची नजर हलवली नाही.

त्या हंगामात पुन्हा सुपारी गेली नाही. आत्मारामांना मात्र हे कारभार बघवेनात. एकदा खळ्यात उभे राहून म्हणाले, "वहिनी, रोज इतक्या बायकांना जेवण! एवढ्यात चार पहारेकरी पोसले असते."

येसूबाई भात वाढत होत्या. सखूच्या पानात आणखी एक मूद टाकून त्या म्हणाल्या, "भावजी, चोर पैशाला भीत नाही, पैशासाठीच तर येतो. तो भितो ह्या सखूच्या तोंडाला. आणि सखू पगारावर मिळत नाही हो, तिला जेवायलाच घालावं लागतं."