पुलावरची जागा

वादळाचा इशारा आला की चेन्नईत लोक गाड्या उड्डाणपुलावर नेऊन लावतात. खाली पाणी भरतं ना! गेल्या वर्षी ती रांग बघायला मी पुलावर गेलो होतो. नवी गाडी घ्यायची होती, त्यामुळे कोणत्या गाडीचा विमा स्वस्त पडेल, यावर फोनवर बायकोशी वाद चालला होता. शेजारी एक आजोबा आपल्या जुन्या, छोट्या गाडीला टेकून डब्यातला दहीभात खात होते. मी फोन ठेवताच तंजावरी हेल काढत मराठीत म्हणाले, "लहान इंजिनाची घ्या. विमा स्वस्त, आणि इथे जागाही मिळते." तेवढ्यात एक अजस्र गाडी जागा शोधत दुसऱ्यांदा समोरून गेली. आजोबा गालात हसले आणि त्यांनी आपल्या गाडीच्या बोनेटवरून नातवाच्या डोक्यावरून फिरवावा तसा हात फिरवला.

आम्ही लहानच गाडी घेतली. यंदा इशारा आल्यावर पुलावर पोचायला मला उशीर झाला. रांग गच्च. आजोबांच्या गाडीमागे मात्र एक घडीची खुर्ची मांडून जागा अडवलेली. मला बघताच त्यांनी ती उचलली.

"ओळखलंत मला?" मी खूश होऊन विचारलं.

"नाही," खुर्ची मिटत ते म्हणाले, "पण एवढ्याशा जागेत मावणारा कोणीतरी येणार, हे ठाऊक होतं."