झोपून बघितलं का?

अक्का आधी चपला काढायच्या. देवळाबाहेर काढाव्यात तशा, नीट एकीशेजारी एक. मग पदर कमरेला खोचून, "सरका की जरा," म्हणत रुग्णवाहिकेच्या मागच्या दारातून वर चढायच्या आणि स्ट्रेचरवर सरळ आडव्या व्हायच्या. हात पोटावर, डोळे मिटलेले. खाली उभे असलेले महापालिकेचे डॉक्टरसाहेब, गाड्यांचा ठेकेदार, हार आणि नारळ घेऊन आलेला शिपाई एकमेकांकडे बघत राहायचे.

"पदा, पदा," आतून आवाज यायचा. पदा म्हणजे तेलुगूत चला. "पेशंट चढला न्हवं? न्या आता."

सोलापूरच्या पूर्व भागात, जिथे घराघरांत टॉवेल-चादरींचे माग चालतात, तिथल्या त्या नगरसेविका. आरोग्य समितीवर होत्या. मी सभा कार्यालयात लेखनिक, समितीत कोण काय बोललं ते लिहून घेणारा. राहायलाही त्यांच्याच गल्लीत. एकदा ओट्यावर वाचत बसलेलं त्यांनी मला पाहिलं आणि मी त्यांचा 'पुस्तकवाले' झालो, तो कायमचा.

अशी पाहणी तुम्हीही कधीतरी पाहिली असेल. नवी गाडी येते, तिला हार घालतात, दार उघडतात, दार लावतात, फोटो होतो आणि चहा येतो. अक्का आल्यापासून आमच्याकडे चहा उशिरा येऊ लागला.

अंगाने त्या भरपूर होत्या. "मला उचललं की समजा सोलापूरला उचललं," म्हणायच्या. पहिल्याच पाहणीत स्ट्रेचरचा पट्टा त्यांच्याभोवती पुरेना. त्याचं टोक हातात धरून त्यांनी ठेकेदाराला विचारलं, "हे कुणासाठी आणलंय? माझ्या नातवासाठी?"

"अक्का, साधारण पेशंटच्या मापाचा असतो तो."

"साधारणच माणूस आजारी पडतंय व्हय? मग आमी काय करायचं? बारीक होईपर्यंत थांबायचं?"

पट्टे बदलले. ठेकेदार त्यांना बिचकूनच असायचा.

समितीत कुठलाही विषय निघो, अक्कांचा प्रश्न एकच. "झोपून बघितलं का?" एका दवाखान्याची खोली नव्याने रंगवली होती. सगळे सदस्य भिंती बघून खूश झाले. अक्का कॉटवर आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, "या, हितून बघा." वर छताला ओल येऊन पापुद्रे सुटले होते. "उभ्या माणसाला भिंत दिसती साहेब. आजारी माणसाला दिवसभर हेच दिसतंय." डॉक्टरसाहेब वाकून, मान वाकडी करून बघू लागले. "असं न्हाई," अक्का म्हणाल्या, "शेजारच्या कॉटवर पडा की. कोण हसत न्हाई." ते पडले. आम्ही मात्र हसलो.

हे सगळं कशासाठी, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. सभेला वेळ होता आणि आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर बसलो होतो.

"आमचे मालक दम्यानं गेले. गाडी बोलावली होती. नाक्यापर्यंत आली, गल्लीत येईना. मग रिक्षात घातलं. माझ्या अंगावर रेलून बसले होते. मला झोपू दे, झोपू दे म्हणत होते. रिक्षात कुठं झोपवणार?" मग पदराने कपाळ पुसून म्हणाल्या, "बोलावलंय का आत? चला."

म्हणून नव्या गाड्यांचा विषय समितीपुढे आला तेव्हा अक्का अडून बसल्या. गाडी नाक्यापर्यंत नको, दारापर्यंत आली पाहिजे. सुरुवात आपल्याच गल्लीपासून. ठेकेदाराने माणूस पाठवून गल्ली मोजून घेतली आणि समितीत छातीठोकपणे सांगितलं, "आरामात जाईल."

त्या माणसाने गल्ली मोजली ती मागांच्या सुट्टीच्या दिवशी. बाकीच्या दिवशी आमची गल्ली कशी असते ते पूर्व भागातल्या कुणालाही माहीत आहे. रंगवलेल्या सुताच्या लडी वाळत घालायला दारादारांतून आडवे बांबू टाकलेले असतात. लाल, निळं, हिरवं सूत गल्लीभर लोंबतं आणि माणसं खालून वाकून जातात.

चाचणीच्या दिवशी सूत लाल होतं आणि ओलं होतं. गाडी शिरली, टपावरच्या दिव्यात पहिली लड अडकली, मग दुसरी. ड्रायव्हर घाबरून मागे घेऊ लागला तशी आणखी अडकली. पांढरी गाडी बाहेर आली ती टपापासून चाकापर्यंत लाल ओघळांनी भरलेली, मागे सुताच्या लडी ओढत.

"अय्यो," आतून उठत अक्का म्हणाल्या, "आता हिलाच दवाखान्यात न्यावं लागतंय."

हसणं तिथेच थांबलं. बायका धावत आल्या. भिजलेलं, मळलेलं सूत हातात घेऊन त्यांनी आधी ठेकेदाराला आणि मग अक्कांना झोडपलं. पुढच्या बैठकीत ठेकेदार म्हणाला, "बांबू रस्त्यावर आहेत. काढून टाका, नाहीतर गाडी नाक्यावरच थांबेल." डॉक्टरसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी लिहून घेतलं.

त्या संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर गल्लीतल्या बायका जमल्या होत्या.

"अक्का, गाडी कवातरी एकाला लागती," एक जण म्हणाली. "बांबू आमाला रोज लागतोय. सूत कुटं घालू, डोक्यावर?"

"खरं हाय," अक्का म्हणाल्या. "बांबू बी पायजे आणि गाडी बी पायजे." त्यांनी समोरचा बांबू या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितला. मग उठून एका टोकाला हात लावला. "हे टोक भिंतीत कडीला बांधलं, आणि ते टोक नुसतं खुंटीवर ठेवलं तर? भोंगा ऐकला की उचलायचं आणि भिंतीला लावायचं. दार उघडतो तसं."

"आणि दुपारी घरात कोण नसलं तर?"

"शेजारीण हाय की. भांडायला असती न्हवं रोज?"

मग तालीम सुरू झाली. ड्रायव्हर गाडी नाक्यावर आणायचा, भोंगा वाजवायचा, आणि आत अर्थातच अक्का झोपलेल्या. पहिल्या वेळी अर्धे बांबू उठले, अर्धे तसेच. गाडी थांबली. आतून आवाज आला, "थांबलं कशाला? मी मेले की हितं." दुसऱ्या वेळी एक आजी बांबू धरून मध्येच गाडी बघत उभ्या राहिल्या. शेवटी एकदा गाडी नाक्यापासून अक्कांच्या दारापर्यंत कशालाही न शिवता आली. अक्का उतरल्या, चपला घातल्या आणि सरळ घरात गेल्या. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते. बांबू राहिले आणि गाडीही गल्लीत येऊ लागली.

पुढच्या उन्हाळ्यात भर दुपारी माझी आई न्हाणीघरात कोसळली. मी फोन केला आणि दारात उभा राहिलो. भोंगा ऐकू आला, आणि त्यामागून भिंतीला टेकणाऱ्या बांबूंचा आवाज, एकामागून एक, नाक्याकडून माझ्या दाराकडे येणारा. आयुष्यात मी इतका दिलासा देणारा आवाज ऐकलेला नाही.

आई वाचली. ती घरी आल्यावर अक्का भेटायला आल्या. कशी आहेस वगैरे काही नाही.

"पट्टा पुरला का? पाय आत राहिले? छत कसं होतं?"

"स्वच्छ होतं बाई," आई म्हणाली. "पुसलेलं."

ते ड्रायव्हर पुसायचा. पाहणीत अक्का वरच बघणार, हे त्याला पाठ झालं होतं.

एका पाहणीत सगळ्या गाड्या झाल्यावर रांगेच्या टोकाला उभ्या असलेल्या शववाहिकेपाशी अक्कांनी चप्पल काढायला पाय वर घेतला. ड्रायव्हर दारात आडवा उभा राहिला. "अक्का, इसमें नक्को."

"मग ही कोण बघणार?"

"टाइम आया तो देखेंगे ना."

अक्का हसल्या. मला म्हणाल्या, "तेवढी एक राहिली बघा, पुस्तकवाले."

यंदा श्रावणात त्या गेल्या. जेवून नेहमीसारख्या पलंगावर पडल्या होत्या. सुनेने चहाला हाक मारली तेव्हा उठल्या नाहीत. त्रास झालेला नसावा, असं डॉक्टर म्हणाले. गाडी बोलवावी लागली नाही, रिक्षाही नाही. स्वतःच्या पलंगावर, पाय पसरून, झोपून गेल्या. मला रडू आलं, पण मी सुटकेचा श्वासही टाकला, खोटं कशाला सांगू?

संध्याकाळी शववाहिका घेऊन तोच ड्रायव्हर आला. दारापाशी थांबला, खाली उतरला, मागचं दार उघडलं. मग त्याने चपला काढल्या, नीट एकीशेजारी एक ठेवल्या, वर चढला आणि जिथे अक्कांना ठेवायचं होतं तिथे स्वतः आडवा झाला. गल्ली बघत होती. तो क्षणभर छताकडे बघत राहिला, खिशातल्या रुमालाने वरचा एक कोपरा पुसला आणि खाली उतरला.

"ठीक है," तो मला म्हणाला. "लाओ अक्का को."

गाडी निघाली तेव्हा मी मागून चालत होतो. शववाहिकेला भोंगा नसतो. तरी नाक्यापर्यंत एकही बांबू आडवा नव्हता. सगळे भिंतीला लागलेले, ओलं सूत अंगावर घेऊन, आणि प्रत्येकाशेजारी एक बाई बांबूला हात लावून उभी. गाडी कशालाही न शिवता गेली.