आसिफाचा निस्फ कुतर

अर्धी वाट झाली तरी आसिफानं दुपट्ट्यात गुंडाळलेला सूक्ष्मदर्शक माझ्या हाती दिला नाही. भोकरदन रोडच्या फाट्यापासून आमचं शेततळं पाच किलोमीटर, ऊन डोक्यावर. तिचा रोजा, माझी एकादशी.

"इंद्रायणीताई, दोघी उपाशी, अन् चाललो माशांच्या जेवणाचं बघायला!" ती हसली.

मीही हसले, पण जीव टांगणीला होता. आमच्या बायकांच्या गटानं तळ्यात सोडलेले दोन हजार मासे डोक्यानं मोठे, अंगानं बारीक दिसायला लागले होते.

आसिफा म्हणजे लालमियाँ टेलरची मुलगी. दहावीपर्यंत उर्दू शाळेत शिकली, आता जालन्याला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करते. आमच्या तळ्याचं पाणी ती सुटीच्या दिवशी फुकट तपासते. आमचे मासे पाण्यातलं बारीक हिरवं शेवाळ खातात. ते तराजूत घालता येत नाही. म्हणून ती थेंबातल्या गोल पेशी मोजते, एका पेशीचं माप घेते. मापावरून घनफळ काढायचं, ते पाण्याइतकंच जड धरायचं, पेशींच्या संख्येनं गुणायचं, की चाऱ्याचं वजन निघतं. मापं ती फोनवर सांगायची, गणित मी वहीत करायची.

मागच्या महिन्यात ती म्हणाली, "कुतर दहा." मला शब्द कळला नाही. विचारायची लाज वाटली. हूं म्हणाले आणि त्रिज्या दहा धरली. चारा भरपूर निघाला, म्हणून शेवाळ वाढावं यासाठी तळ्यात टाकायचो ते शेणखत आम्ही थांबवलं.

बांधावर बसून तिनं वही पाहिली. माझ्या त्रिज्येवर बोट ठेवलं.

"ताई, कुतर म्हणजे व्यास. त्रिज्येला आम्ही निस्फ कुतर म्हणतो, म्हणजे आधा. तुमचा आकडा आठपट झाला."

"मेले गं मी! माझ्यापायी मासे उपाशी राह्यले."

"मासे तर मेले न्हाईत ना? मंग! आजच शेण टाका. पाणी हिरवं झालं की बराबर भरतील."

गटातल्या दुर्गाबाईंना तिनं सांगितलं, चूक दोघींची. माझ्या एकटीची होती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. अजून देवापुढं हात जोडले की तिचं नाव तोंडी येतं.

निघताना तिनं माझा हात धरला.

"ताई, एक मागू? माझा शब्द कळला न्हाई तर हूं म्हणू नका. मला तिथंच अडवा."