दोन वर्षं कमी लिहिलेला मुलगा

माझा मुलगा महेश अठरा वर्षांचा झाला, तेव्हा तो सोळा वर्षांचा होता.

हे मला कोर्टात कळलं. त्याआधी महिनाभर मी अहेरीत ज्याला त्याला सांगत सुटलो होतो की आता पोटगी संपली! बायको सुनंदा आणि मी वेगळे होऊन दहा वर्षं झाली. ती महेशला घेऊन मूल गावी, माहेरी राहते. पोराच्या नावाने मी दर महिन्याला पैसे पाठवत होतो. कुरकुरत का होईना, पण पाठवत होतो. (दोनदा चुकलो. सुनंदा पाचदा म्हणते.) मुलगा सज्ञान झाला की बापाची सुटका, असं वकिलाने सांगितल्याबरोबर मी नवा शर्ट शिवला आणि अर्ज टाकून मोकळा झालो.

तारखेला महेश आईशेजारी बसला होता. माझ्यापेक्षा वीतभर उंच, ओठावर ही जाड मिशी. पुरावा स्वतःच्या पायांनी चालत आला म्हणून मी मनातून खूश!

न्यायाधीश साहेबांनी जन्माचा दाखला मागितला. आता तो कुठून आणू? पोरगा घरीच जन्मला, सुईणीच्या हातावर. मी सांगितलं, मोहाची फुलं वेचायचे दिवस होते, भरली टोपली जंगलात टाकून मी घराकडे पळत सुटलो होतो, साऱ्या गावाला विचारा. साहेब म्हणाले, टोपली पुराव्यात धरता येत नाही.

मग सुनंदाच्या वकिलाने महेशच्या शाळाप्रवेशाचा जुना अर्ज काढला. त्यातल्या तारखेप्रमाणे महेश सोळाचा. मी तावातावाने विचारलं, हे कोणत्या गाढवाने लिहून दिलं? साहेबांनी चष्मा लावून खालची सही वाचली. सही माझी होती.

तेव्हा कुठे आठवलं. आमच्याकडे शहाणा बाप पोराला शाळेत घालताना वय दोन वर्षं कमी सांगतो, म्हणजे पुढे नोकरीच्या भरतीत पोराला दोन वर्षं जास्त मिळतात. सात वर्षांचा महेश मी पाचाचा केला होता, आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन गुरुजींना चहासुद्धा पाजला होता.

"म्हणजे ही तारीख खोटी आहे, असं लिहून देता?" साहेबांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. तेवढ्यात सुनंदा हळूच म्हणाली, "पाहून बोला. पोरगा वनरक्षकाच्या भरतीची तयारी करून राह्यला. कागद खोटा निघाला त त्याचं सारंच जाते."

मी महेशकडे पाहिलं. तो मान खाली घालून बसला होता.

"साहेब, अर्ज मांगं घेतो," मी म्हणालो. "पोरगा सोळाचाच आहे."

"आणि ही मिशी?"

"आमच्या घराण्यात लवकर येते, साहेब." (मला पंचविशीपर्यंत आली नव्हती.)

साहेब खाली बघून लिहू लागले. हसत होते की काय, देव जाणे.

बाहेर आल्यावर महेश माझ्या पाया पडला. सुनंदा म्हणाली, "दहा वर्सात पयल्यांदा बापावानी बोलले तुमी." आणखी दोन वर्षांची पोटगी डोक्यावर घेऊन मी कोर्टाच्या पायऱ्या उतरलो, ते खटला जिंकल्यासारखी छाती काढून! वकील म्हणाला, हरून इतका खूश झालेला पक्षकार त्याने पाहिला नव्हता. त्या बिचाऱ्याला काय माहीत, त्या दिवशी कोर्टात एक माणूस सज्ञान झालाच होता, फक्त त्याचं वय अठ्ठेचाळीस होतं.