नाना पडत नसत, बसत

वडिलांना काम मिळालं नाही, तर आमची चूल एकदाच पेटे. शिंदखेड्याच्या बाजूच्या आमच्या गावात सुकदेवनाना गवंडी त्यांना हाताखाली घेत, म्हणून माझी शाळा सुटली नाही. घराण्यातली पहिली पदवी माझी. धुळ्यात देवपूरला राहून फिजिओथेरपी शिकले, आणि हे मी मान वर करून सांगते.

नाना नऊ इंची भिंतीच्या माथ्यावर ओळंबा घेऊन चालत. वडील खाली घमेलं धरून घाबरत. नाना म्हणत, "पाय ठेवाले जागा शे ना, मंग घाबरानं कसाले?"

मागच्या वर्षी मी गावातच म्हाताऱ्यांच्या तोलाची तपासणी ठेवली. खुर्चीवरून उठायचं, दहा पावलं चालायचं, वळून परत यायचं, मग एका पायावर उभं राहायचं. नाना वळताना थबकले. पावलं इतकी बारीक पडली की मी मोजायचं विसरले. एका पायावर तीन सेकंद, आणि माझा खांदा घट्ट धरला.

"तुन्ही फरशी हालस, पोरी."

"नाना, वर्षभरात कितीदा पडलात?"

"तू ते धुळानं शहरी बोलाले लागनी. मी कधीच पडनू नही."

मी फॉर्मवर शून्य लिहिलं.

संध्याकाळी त्यांच्या घरी चहाला गेले. त्यांच्या पत्नी अक्का नानांकडे बघत सहज बोलून गेल्या, "काल मोरीमा बसनात. परवा ओटावर बसनात." मी नानांचा सदरा वर केला. कंबरेपासून काखेपर्यंत काळंनिळं.

"पडस ती भिंत," नाना शांतपणे म्हणाले. "मानूस बसस."

हा शब्द मी लहानपणापासून ऐकत होते. कॉलेजच्या फॉर्मवर तो नव्हता, म्हणून मलाही आठवला नाही. आता आमच्या बोलीत विचारलं, "नाना, यंदा कितला येळा बसनात?" ते बोटांची पेरं मोजू लागले. एक हात संपला, दुसरा सुरू झाला. अक्कांनी चुलीकडे तोंड फिरवलं.

मी काठी आणून दिली, मोरीत धरायला दांडा बसवू म्हटलं. "काठी लिधी ते गाव काय म्हनी?" काठी दाराआड गेली. दांड्याचं त्यांनी रविवारवर ढकललं.

शनिवारी सकाळी, सपाट अंगणात, चप्पल पायात सरकवताना ते गेले खाली. वडील धावले. खुबा मोडला होता. नानांनी वडिलांची बाही धरली आणि म्हणाले, "आज पडनू रे."

धुळ्याला ऑपरेशन झालं. नंतर चार महिने मी त्यांना रोज खाटेवरून उठवत होते. उभे राहिले, चालले नाहीत. पोळ्याच्या आधी गेले.

तेराव्यानंतर वडिलांनी नानांचीच थापी घेतली आणि अक्कांच्या मोरीत दांडा पक्का केला. मग शेजारच्यांनी बोलावलं. आज आमच्या गल्लीत नऊ मोऱ्यांना दांडे आहेत.