दुखणं भलतीकडे, पट्टा गुडघ्याला

'अवघड जागेचं दुखणं आणि जावई वैद्य' ही म्हण ज्याने कुणी केली, त्याने माझी पत्रिका आधीच बघितली असावी. मी श्रीरंग देवस्थळी, मूळचा मिरजेचा, गेली बावीस वर्षं लखनौत, हजरतगंजच्या एका बँकेत चीफ मॅनेजर, वय एकोणसाठ. माझा जावई राघव इथलाच, कान-नाक-घशाचा डॉक्टर. आणि माझ्या उजव्या अंडकोशात पाणी भरलं होतं.

हे वाक्य आज मी कसं धडधडीत लिहिलं बघा. तीन वर्षं ते बायकोपुढेसुद्धा तोंडातून निघालं नव्हतं. आधी लिंबाएवढं होतं. म्हटलं, जाईल आपोआप. मग पेरूएवढं झालं. म्हटलं, आता थांबेल. दसहरी आंब्यापर्यंत पोचलो तेव्हा तुलनेला फळं शोधणं सोडून दिलं. दुखत नव्हतं, हीच तर पंचाईत. दुखलं असतं तर बोंबाबोंब केली असती. नुसतं जड वाटायचं, चालताना अडायचं, आणि डोक्यात एकच किडा: कॅन्सर. कॅन्सर असेल तर कळायलाच नको आणि नसेल तर दाखवायचं कशाला, असा माझा बिनतोड युक्तिवाद. बँकेत लोक मला फार विचारी माणूस समजतात!

पहिलं कळलं ते आमच्या टेलर मास्टरजींना. पँटचं माप घेता घेता ते थांबले, चष्म्यावरून छताकडे बघत अदबीने म्हणाले, "हुज़ूर, ज़रा कुशादा रख दूँ?" कुशादा म्हणजे ऐसपैस. "रख दीजिए," मी म्हणालो. तेव्हापासून माझ्या सगळ्या पँटी कुशादा.

सगळं झाकून ठेवता आलं असतं, पण घरात आर्या होती. माझी नात, वय वर्षं चार. मराठी सगळं कळतं, बोलते मात्र हिंदीत. आमची लेक जुई तिला शाळेतून परस्पर आमच्याकडे सोडून ऑफिसला जाते. आली की दप्तर फेकायचं आणि धावत येऊन माझ्या मांडीवर उडी मारायची, हा तिचा नेम. एके दिवशी ती उडी नेमकी तिथेच बसली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी तिला अक्षरशः ढकललं आणि ओरडलो, "गुडघा! अगं माझा गुडघा!"

का गुडघा, ते मला विचारू नका. तोंडात आला.

झालं! मालिनीने, म्हणजे आमच्या हिने, बाजारातून गुडघ्याचा पट्टा आणला. मराठी समाजातल्या तिघांनी तीन प्रकारची तेलं पोचवली. राघवने एक्स-रे काढवला. गुडघा अगदी ठणठणीत निघाला, तरी तो बिचारा "थोड़ा आराम कीजिए, बाबा" एवढंच म्हणाला. दुखणं म्हशीला आणि डाग पखालीला, तशी गत. दहा महिने मी इमानेइतबारे पट्टा बांधला. आर्याला सक्त ताकीद होती, आजोबांच्या मांडीवर बसायचं नाही. ती यायची, माझ्यापासून हातभर लांब उभी राहायची आणि मग आजीकडे निघून जायची.

मग एका शनिवारी मी माती खाल्ली. आंघोळ करून घाईघाईत पट्टा चढवला आणि पेपर घेऊन बसलो. आर्या समोर येऊन निरखून बघत राहिली.

"आजोबा, दर्द तो इस वाले में था." तिने डाव्या गुडघ्यावर बोट ठेवलं. पट्टा उजव्याला होता.

"आज इकडे गेलंय," मी म्हणालो. चार वर्षांच्या पोरीला फसवायचं, तर तेही धड जमेना.

ती शांतपणे स्वयंपाकघरात गेली. मग आतून आवाज आला, "आजी, आजोबा झूठ बोलते हैं. उनको मैं अच्छी नहीं लगती."

दहा महिने ही पोर माझ्या गुडघ्यावर विश्वास ठेवून लांब राहिली होती. आता गुडघाही खोटा निघाल्यावर तिने दुसरा काय अर्थ लावायचा?

मालिनी हात पुसत बाहेर आली. "ऐकलंत? तीन वर्षं तुमचे कपडे मी डोळे मिटून वाळत घालत नाहीये. आज सांगाल, उद्या सांगाल, म्हणून गप्प बसले. आता राघवला फोन तुम्ही लावताय, की मी लावू?"

मी लावला.

"राघव, वो... घुटना नहीं है."

"जी बाबा. मुझे पता है."

"कबसे?"

"डेढ़ साल से. चाल तभी बदल गई थी. घुटने के दर्द में आदमी ऐसे नहीं चलता. मैंने सोचा, आप ख़ुद बताएँगे."

"और मैं सोच रहा था, तुम पूछोगे!"

म्हणजे सासरा-जावई दीड वर्षं लखनवी थाटात 'पहले आप' करत बसले होते. राघव मग म्हणाला, "ग़लती मेरी है, बाबा. मुझे टोकना चाहिए था." त्या पोराची चूक काडीची नव्हती, म्हणून मला अजूनच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच्या ओळखीच्या सर्जननी खोलीतले दिवे घालवले आणि टॉर्च लावला. उजेड आरपार, लालसर. एकोणसाठाव्या वर्षी माझा आकाशकंदील झाला. "पानी है," सर्जन म्हणाले. मग सोनोग्राफी. आतली गोळी निरोगी होती. माझा तीन वर्षांचा कॅन्सर दहा मिनिटांत बरा झाला. पण सर्जन हसले नाहीत. म्हणाले, "हर सूजन पानी नहीं होती. आपकी क़िस्मत अच्छी थी. जिस दिन दिखी, उसी दिन आना था."

"सुई से निकाल दीजिए ना," मी शेवटचा प्रयत्न केला.

त्यांनी समजावलं. सुईने पाणी निघतं, पण पाणी धरणारी पिशवी तशीच राहते. बहुतेकांचं पुन्हा भरतं आणि जंतू शिरायचीही भीती. लहान असतं, त्रास नसता, तर नुसतं लक्ष ठेवून सोडून दिलं असतं. एवढ्या मोठ्याला ऑपरेशन बरं: पाणी काढायचं आणि पिशवी कापायची किंवा उलटवून शिवायची. मी मान हलवली. बँकेत गिऱ्हाईक समजल्यासारखं करतं ना, तशी.

कमरेत इंजेक्शन, पाऊण तासाचं काम, दुसऱ्या दिवशी घरी. पुढचे पंधरा दिवस मात्र सूज बघून मला वाटलं, पाणी गेलं आणि आंबा इथेच राहिला. मी रोज राघवला फोन करायचो. तो रोज तितक्याच अदबीने सांगायचा, "उतर जाएगी, बाबा. सपोर्ट वाली चड्डी पहनते रहिए, वज़न मत उठाइए." सूज उतरली. दीड महिन्याने सर्जननी सगळी मोकळीक दिली. पट्टा मी त्याच दिवशी कचऱ्यात टाकला.

दुपारी आर्या आली. मी खुर्चीत सरसावून बसलो, मांडीवर थाप मारली आणि म्हणालो, "ये."

ती आली नाही. आत जाऊन तिचा कापडी हत्ती घेऊन आली, तो माझ्या डाव्या मांडीवर ठेवला आणि दोन पावलं मागे सरून माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी ओरडलो नाही. तिने हत्ती उचलून उजव्या मांडीवर ठेवला. तरी मी ओरडलो नाही.

"कौन सा वाला ठीक हुआ?"

"दोन्ही ठीकच होते गं. आजोबा खोटं बोलले. दुसरीकडे दुखत होतं आणि सांगायची लाज वाटत होती."

तिने यावर विचार केला.

"तो मैं अच्छी लगती हूँ?"

"हो," मी म्हणालो.

तिने हत्ती उचलून माझ्या हातात दिला. "इसको पकड़ो," म्हणाली आणि वर चढली. मी हत्ती धरला.