शेंगा तडकल्यासारखा आवाज

केनवडवरून जाणाऱ्या बसमध्ये ती बाई माझ्या शेजारी बसली होती. फडक्यात गुंडाळलेला विळा मांडीवर. सोयाबीन सोंगायला, म्हणजे कापायला, निघालेली. मी माझ्या सेकंडहॅण्ड लॅपटॉपवर ताईच्या लग्नाचे फोटो बघत होतो. त्याची हार्डडिस्क हल्ली मधूनच टकटक वाजायची. बस थांबली, इंजिन बंद झालं आणि तो आवाज तिनं ऐकला. काही न विचारता ती वाकली, लॅपटॉपला कान लावला, डोळे मिटले.

"उन्हात शेंगा तडकल्यावानी वाजून राह्यलं हे," ती म्हणाली. "काय हाय याच्यात?"

"लग्नाचे फोटो."

"मंग वाट काहून पाहून राह्यला, भाऊ? शेंग तडकाले लागली का सोंगून घ्या लागते. नाही तं दाना मातीत."

मी हसलो. केनवडला उतरल्यावर तिनं खालून विळ्याची मूठ खिडकीवर वाजवली. "आजच, बरं का!"

संध्याकाळी मी सगळे फोटो पेनड्राइव्हवर घेतले. पुढच्याच आठवड्यात लॅपटॉप कायमचा गप्प झाला.

फोटोंत सगळे जागच्या जागी आहेत, जेवणावरून रुसलेले मामासुद्धा. त्या बाईचा एकही फोटो नाही. पण ते उघडले की आधी आठवते ती तीच.